खुल्या समुद्रात पोलीस नाही, मग मासेमारीचे करार पाळतं कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही आंतरराष्ट्रीय कायदा शिकताय आणि एक गोष्ट तुमच्या गळी उतरत नाहीये. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांच्या पलीकडे कुणाचं राज्य नाही, मासे सीमा ओळखत नाहीत आणि करार मोडणाऱ्या देशाला बेड्या घालणारं तिथे कुणी नाही. तरीही दरवर्षी देश एकत्र बसून ‘यंदा एवढेच टन’ असं ठरवतात. हे पाळतं कोण, का पाळतं, की नुसते कागदी घोडे नाचवले जातात?

मी सुरुवातीची वर्षं ट्यूना पकडणाऱ्या जहाजांवर निरीक्षक म्हणून काढली. मग साठ्यांचा, म्हणजे समुद्रात कुठला मासा किती उरलाय याचा, अंदाज बांधण्याच्या कामात आलो, आणि आता बरीच वर्षं वाटाघाटींना शास्त्रीय सल्लागार म्हणून बसतोय. या सगळ्यातून माझं मत असं झालंय की काही समुद्रांत हे करार खरोखर पाळले जातात आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षं फक्त बैठका होतात. हा फरक कायद्याच्या कडक भाषेमुळे पडत नाही. शास्त्राच्या दर्जामुळेही वाटतो तितका पडत नाही. तो पडतो वाटणीमुळे. मासे किती आहेत ते बऱ्यापैकी मोजता येतं, पण कुणी किती घ्यायचे इथे गाडं अडतं. वाटणी मिटलेली असेल आणि चोरीचा माल विकायची सोय नसेल, तर पोलिसाशिवायही करार चालतो.

कायद्याचा सांगाडा तुमच्या पुस्तकात असेलच, म्हणून झटपट सांगतो. 1982 चा सागरी कायद्याचा करार 1994 मध्ये अमलात आला. त्यानं किनारी देशाला 200 सागरी मैल, म्हणजे साधारण 370 किलोमीटरपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र दिलं, म्हणजे तिथल्या मासळीवर हक्क त्याचाच. जगातली बहुतेक सागरी मासळी याच पट्ट्यात पकडली जाते आणि तिथे जबाबदार कोण, हे स्पष्ट आहे. पलीकडच्या खुल्या समुद्रात मासेमारीचं स्वातंत्र्य आहे, पण साठे राखण्यासाठी एकमेकांशी सहकार्य करण्याचं बंधनही त्याच करारात आहे. अडचण एवढीच होती की सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यात मोघम राहिलं.

हा मोघमपणा किती महागात पडतो हे न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर दिसलं. त्या उथळ भागाचे दोन तुकडे कॅनडाच्या 200 मैलांच्या रेषेबाहेर डोकावतात, त्यांना ‘नाक’ आणि ‘शेपूट’ म्हणतात. रेषेच्या आत कॅनडाचे नियम, बाहेर येईल त्याचं जाळं. 1992 च्या जुलैमध्ये कॅनडाला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांहून जास्त लोकांचा रोजगार गेला. दोष एकट्या परदेशी जहाजांचा नव्हता. कॅनडानं स्वतःच्या क्षेत्रातही साठ्याचा अंदाज फार चढा धरला होता, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पण तोवर संताप इतका साठला होता की मार्च 1995 मध्ये कॅनडानं खुल्या समुद्रात ‘एस्ताई’ नावाचा स्पॅनिश ट्रॉलर पकडून बंदरात आणला. दोन मित्रदेशांत माशांवरून गोळ्या झाडण्यापर्यंत मजल गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांचा मत्स्यसाठा करार झाला. सीमा ओलांडणारे आणि दूरवर स्थलांतर करणारे मासे हा त्याचा विषय. त्यातलं आठवं कलम नीट वाचा. एखाद्या समुद्रात प्रादेशिक मत्स्य संघटना असेल, तर तिचे सदस्य असलेल्या किंवा तिचे नियम पाळायला तयार असलेल्या देशांनाच तिथल्या साठ्यावर हात टाकता येईल, असं ते म्हणतं. दुसऱ्यांनी राखलेल्या माशांवर आयत्या बिळावरच्या नागोबासारखं येऊन बसायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मात्र हे बंधन करारात सामील झालेल्या देशांवरच आहे. बाहेर राहिलेल्यांचं काय, ते पुढे सांगतो.

रोजचं काम चालतं ते या प्रादेशिक संघटनांमध्ये. ट्यूनासाठी अशा पाच आहेत. अटलांटिकची माद्रिदला, हिंदी महासागराची सेशेल्समधल्या व्हिक्टोरियाला, पश्चिम आणि मध्य प्रशांतची मायक्रोनेशियातल्या पोन्पेला, पूर्व प्रशांतची कॅलिफोर्नियात आणि दक्षिणी ब्लूफिन या एकाच माशासाठीची कॅनबेराला. अंटार्क्टिक समुद्राचा आयोग होबार्टला आहे. यांच्याशिवाय वायव्य अटलांटिक, ईशान्य अटलांटिक, दक्षिण प्रशांत वगैरेंसाठी इतर संघटना आहेत. सगळीकडे साचा साधारण सारखाच असतो. शास्त्रीय समिती सल्ला देते, अनुपालन समिती गेल्या वर्षी कुणी काय मोडलं ते तपासते आणि वार्षिक बैठकीत देश निर्णय घेतात. निर्णय बहुतेकदा सर्वसहमतीने होतात. मतदान झालंच, तर बऱ्याच संघटनांमध्ये ठराविक मुदतीत हरकत नोंदवून त्या नियमातून बाहेर राहता येतं. हिंदी महासागराच्या आयोगात ही मुदत 120 दिवसांची आहे. 2021 मध्ये यलोफिन ट्यूनाची पकड कमी करण्याचा ठराव तिथे झाला आणि सहा सदस्य देशांनी हरकत नोंदवली. कायद्याच्या चष्म्यातून ही पळवाट दिसते. मला ती वाटणी न मिटल्याची खूण दिसते.

वाटणीकडे जाण्याआधी मोजणीबद्दल थोडं बोलतो, कारण लोकांना शंका तिथेच असते. माशाच्या डोक्यात, आतल्या कानाच्या पोकळीत चुन्याचा एक बारीक खडा असतो. तो काढायचा, पातळ काप घ्यायचा, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसतात, ती मोजली की माशाचं वय कळतं. जहाजावर असताना मी ओल्या हातांनी असे खडे छोट्या कुप्यांत भरून ठेवायचो. प्रत्येक कुपीवर तारीख, ठिकाण आणि माशाची लांबी. अशा हजारो नोंदी जमल्या की कुठल्या वयाचे मासे किती उरलेत याचं चित्र उभं राहतं. वयस्क मासे दिसेनासे झाले आणि जाळ्यात फक्त पोरसवदा मासेच यायला लागले की काहीतरी बिनसलंय हे कळायला फार मोठं गणित लागत नाही. बारीकसारीक आकड्यांवर आम्ही शास्त्रज्ञ भांडतो, पण ‘कमी करा’ की ‘चालू द्या’ यावर आमचं सहसा एकमत असतं.

आता वाटणी. समजा, शास्त्रीय समितीनं सांगितलं की यंदा एक लाख टनांच्या वर जाऊ नका. हे कुणाचे लाख टन? पन्नास वर्षं जहाजं पाठवणारा देश म्हणतो, आजवरच्या पकडीप्रमाणे वाटा. ज्याच्या किनाऱ्याजवळ मासे वाढतात तो म्हणतो, ते माझ्या पाण्यात मोठे होतात, मला जास्त द्या. छोटा, नुकता स्वतंत्र झालेला देश म्हणतो, तुमचा तो इतिहास घडला तेव्हा आमच्याकडे जहाजंच नव्हती, त्या काळातल्या आमच्या गरिबीची शिक्षा आजही आम्हीच भोगायची का? तिघांचंही म्हणणं न्याय्य आहे, म्हणूनच ते सुटत नाही. शिवाय इतिहासावर वाटप होणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी देश वाटाघाटींआधीच पकड वाढवतात, म्हणजे ‘आमचा इतिहास’ मोठा दिसेल. राखण्यासाठी बोलावलेली बैठकच काही काळ माशांच्या मुळावर येते.

अशा बैठकांच्या शेवटच्या रात्री मी कितीतरी पाहिल्यात. मसुदा पडद्यावर असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात टाकलेले असतात. संध्याकाळी शंभर कंस, मध्यरात्री तीस, पहाटे दोनला चार. ते चार बहुतेक वेळा आकड्यांभोवतीचे असतात. दुभाष्यांची वेळ संपलेली असते, लोक मोडक्यातोडक्या भाषेत थेट बोलायला लागतात. एकदा एका शिष्टमंडळाच्या प्रमुखानं मला बाजूला घेऊन विचारलं, “आमच्या वाट्यात अमुक टन वाढवले तर साठ्याला खरंच धोका आहे का?” मी म्हटलं, “एकट्या तुमच्यामुळे नाही. पण तुमच्यामागे अजून पाच जण हेच विचारणार आहेत.” तो बराच वेळ गप्प राहिला. सगळ्यांनाच माहीत असतं की बेरीज जास्त होतेय. आपल्या ओळीतून वजाबाकी करायला मात्र कुणी तयार नसतं, कारण घरी परतल्यावर उत्तर त्याला द्यायचं असतं.

वाटणी फसली की उत्तम शास्त्रही हतबल होतं, याचं मला सर्वांत जास्त सलणारं उदाहरण म्हणजे ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल, बांगड्याच्या कुळातला मासा. त्याची पाहणी जगातल्या सर्वांत चांगल्या पाहण्यांपैकी आहे. सल्ला देणारी कोपनहेगनची समुद्र संशोधन परिषद 1902 पासून अस्तित्वात आहे आणि तिथले देश श्रीमंत, सुशिक्षित, कायदा मानणारे. पण 2007 च्या आसपास हा मासा मोठ्या संख्येनं उत्तर-पश्चिमेला सरकू लागला. आइसलँडच्या पाण्यात पूर्वी तो जवळजवळ नव्हता, काही वर्षांतच आइसलँडची पकड दीड लाख टनांच्या घरात गेली. जुना वाटा असलेले म्हणाले, हा मासा आमचा. आइसलँड म्हणाला, आमच्या पाण्यात चरतोय तर आमचाही. एकूण मर्यादेवर सगळ्यांची मान हलायची, पण आपापला कोटा प्रत्येक जण स्वतःच जाहीर करायचा आणि बेरीज वर्षामागून वर्षं शास्त्रीय सल्ल्याच्या वर जायची. 2019 मध्ये या मॅकरेलचं शाश्वततेचं प्रमाणपत्र निलंबित झालं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी 2026 साठी पकड सुमारे 70 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. यात कुणी चाचेगिरी केली नव्हती, कुणी जहाजाचं नाव बदललं नव्हतं. सगळा कारभार उघड, कायदेशीर आणि कागदोपत्री नीटनेटका होता. पाणी तापतंय तसे मासे सरकणार, आणि गोठवून ठेवलेल्या टक्क्यांवर बांधलेली प्रत्येक वाटणी अशीच उसवण्याचा धोका आहे. पुढच्या काळात मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

आता याच्या उलट बाजूची गोष्ट, कारण तुमच्या ‘का पाळतात’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला ब्लूफिन ट्यूना. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी 15,000 टन किंवा त्याहून कमी असा सल्ला दिला. अटलांटिकच्या आयोगानं 2007 साठी मर्यादा ठेवली 29,500 टन. आणि प्रत्यक्ष पकड? शास्त्रीय समितीच्या अंदाजानुसार सुमारे 61,000 टन. सल्ल्याच्या चौपट. 2008 मध्ये खुद्द आयोगानंच नेमलेल्या स्वतंत्र परीक्षकांनी या कारभाराला आंतरराष्ट्रीय नामुष्की ठरवलं. त्या काळात ‘हा मासा गेला’ असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मग बदललं काय? 2010 च्या मार्चमध्ये दोह्याला संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारविषयक कराराची परिषद झाली. तिथे मोनॅकोनं ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी घालण्याचा प्रस्ताव आणला. तो पडला. पण बाजारच बंद होऊ शकतो, ही भीती प्रस्ताव पुढे आल्यापासूनच सगळ्यांच्या पोटात बसली होती. कोटा 2010 साठी 13,500 टनांवर आणि पुढच्या वर्षी 12,900 वर आला. मोठी जाळी टाकणाऱ्या पर्सीन जहाजांचा हंगाम एका महिन्यावर आला. काही अपवाद सोडले तर 30 किलोंखालचा मासा पकडायला मनाई झाली. प्रत्येक पर्सीन जहाजावर निरीक्षक आला आणि पकडलेल्या मालाबरोबर बाजारापर्यंत जाणारं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आधी कागदी, नंतर इलेक्ट्रॉनिक.

हे नियंत्रण कसं चालतं ते जवळून सांगतो. हा ट्यूना बहुतेकदा जिवंतच पकडतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या पिंजऱ्यात घालून हळूहळू मत्स्यशेतीपर्यंत ओढत नेतात. जाळं पिंजऱ्याला जोडतात, मध्ये एक दार उघडतात आणि पाणबुड्या त्या दाराचं चित्रीकरण करतो. निळ्या पाण्यातून मासे एकेक करून, कधी एकदम वीस-पंचवीसच्या झुंडीनं दार ओलांडतात. नंतर पडद्यासमोर बसून आम्ही ते मोजायचो. झुंड आली की चित्रफीत मागे घ्यायची, हळू चालवायची, पुन्हा मोजायची. दोन जणांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरा बसायचा. पुढे दोन भिंगांचे कॅमेरे आले, त्यांच्यामुळे लांबी आणि लांबीवरून वजनही काढता येऊ लागलं. जहाजानं सांगितलेला आकडा आणि चित्रफितीतला आकडा यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक निघाला, तर चौकशी होते आणि जास्तीचे मासे परत सोडून द्यावे लागू शकतात. खोटं बोलणं महाग झालं की लोक खरं बोलायला लागतात, हे मी त्या पडद्यासमोर बसून पाहिलंय.

साठा सावरला. निसर्गानंही साथ दिली, 2003 च्या सुमारास जन्मलेली माशांची पिढी भरघोस निघाली होती. पण कोटा खाली आणला नसता तर ती पिढीही वाढायच्या आत जाळ्यात गेली असती. 2023 ते 2025 या वर्षांसाठीचा कोटा 40,570 टन होता. म्हणजे ज्यांनी तेव्हा कळ सोसली, त्यांना आज तिपटीहून जास्त मिळतंय. तुमच्या ‘का’चं एक उत्तर हे. आपण सोडलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल, दुसरा पळवणार नाही, एवढी खात्री पटली की संयम परवडतो.

इथे एक युक्ती सांगतो. तिचं महत्त्व बाहेरच्यांना फारसं कळत नाही, मला मात्र गेल्या काही दशकांतली ती सर्वांत मोठी सुधारणा वाटते. दरवर्षी कोट्यावर भांडण्याऐवजी देश एकदाच नियम ठरवतात: साठ्याचा निर्देशांक इतका खाली गेला की कोटा आपोआप इतका कमी, वर गेला की इतका जास्त. तो नियम आधी संगणकावर हजारो काल्पनिक भविष्यांत चालवून पाहतात. मासे कमी जन्मले तर काय, अंदाज चुकला तर काय, कुणी चोरी केली तर काय. नियम स्वीकारताना पुढच्या वर्षी आपला फायदा होणार की तोटा, हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून माणसं जरा शहाण्यासारखी वागतात. दक्षिणी ब्लूफिनसाठी असा नियम 2011 मध्ये स्वीकारला. तेव्हा साठा मासेमारीपूर्व पातळीच्या सुमारे 5 टक्क्यांवर आला होता, 2020 च्या मूल्यांकनात तो 20 टक्क्यांवर पोचलेला दिसला. अटलांटिकच्या ब्लूफिनलाही 2022 मध्ये असा नियम लागू झाला.

आतापर्यंतचं थोडक्यात: कायदा दार उघडून देतो, शास्त्र मर्यादा सांगतं, पण करार टिकतो तो वाटणी मान्य असेल आणि फसवणुकीचा फायदा उरला नसेल तेव्हा. आता यातल्या फसवणुकीकडे वळतो, म्हणजे तुमच्या ‘पोलीस कुठे आहे’ या प्रश्नाकडे.

खुल्या समुद्रात जहाजावर सत्ता असते ती त्याच्या ध्वजाच्या देशाची. काही देश फी घेऊन कुणालाही ध्वज देतात आणि नंतर ढुंकून पाहत नाहीत. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. ध्वजाच्या देशावर विसंबून चालणार नाही हे कळल्यावर लक्ष बंदरांकडे वळलं. मासे समुद्रात कितीही लपवा, पैसे मिळायला ते कुठेतरी उतरवावे लागतातच. अन्न आणि कृषी संघटनेत 2009 मध्ये मंजूर झालेला बंदर-राज्य उपाययोजना करार 2016 मध्ये अमलात आला. परदेशी जहाजानं येण्याआधी माहिती कळवायची, आणि संशय आला तर बंदरानं त्याला माल उतरवू द्यायचा नाही, इंधन द्यायचं नाही, असा तो करार.

बंदरातल्या तपासणीत मी बरोबर गेलोय. आधी उपग्रहावरून आलेला जहाजाचा मार्ग आणि कप्तानाची नोंदवही शेजारी ठेवायची. नोंदवहीत ‘आज जाळं टाकलं नाही’ आणि मार्ग मात्र एकाच ठिकाणी घिरट्या घालणारा, असं दिसलं की विचारायचं. मग शीतकोठारात उतरायचं. ट्यूनाच्या काही जहाजांत तिथे उणे 60 अंशांपर्यंत थंडी असते, पापण्यांवर दव गोठतं, पेन चालत नाही, म्हणून शिसपेन्सिल न्यायची. एकदा एका जहाजाच्या मागच्या बाजूला ताज्या रंगाखाली जुन्या नावाची वेल्डिंग केलेली अक्षरं बोटांना लागली. डोळ्यांना ती दिसत नव्हती. त्या जहाजाला परवानगी नाकारली गेली आणि ते भरल्या कोठारानिशी परत निघालं. अशा जहाजाला दिवसागणिक इंधन जळतं, खलाशांचे पगार चढतात आणि मालाला गिऱ्हाईक नसतं. बेड्यांपेक्षा ही शिक्षा मालकाला जास्त समजते.

अंटार्क्टिक भोवतीच्या टूथफिशबाबत हेच झालं. हा मासा इतका महाग की त्याच्या चोरीचा धंदाच उभा राहिला होता. होबार्टच्या आयोगानं 2000 मध्ये प्रत्येक मालाला प्रमाणपत्र सक्तीचं केलं, आणि कागद नसलेल्या टूथफिशला बाजारात भाव मिळेना. उरलेल्यांपैकी ‘थंडर’ नावाच्या जहाजाचा एका स्वयंसेवी संस्थेच्या जहाजानं डिसेंबर 2014 पासून 110 दिवस पाठलाग केला. पाठलाग चालू असतानाच नायजेरियानं त्याचा ध्वज काढून घेतला. एप्रिल 2015 मध्ये ते साओ तोमेजवळ बुडालं, आणि कप्तानासह तिघांना तिथल्या न्यायालयानं शिक्षा सुनावली. पाठलाग बातम्यांत गाजला. माझ्या मते त्याआधीच ध्वज, बंदरं आणि बाजार एकेक करून बंद होत गेले, त्यानं जास्त काम केलं. करारांबाहेर राहिलेल्या देशांच्या जहाजांनाही याच वाटेनं आवळता येतं.

मोठ्या देशांशिवाय हे जमत नाही असंही नाही. पश्चिम प्रशांतमधल्या नौरू करारातले आठ छोटे बेटदेश बघा: किरिबाती, तुवालू, मार्शल बेटं, नौरू, पलाऊ, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी. पूर्वी प्रत्येक जण परकीय जहाजांशी स्वतंत्र सौदा करायचा आणि दुसऱ्यापेक्षा कमी दर लावायचा. मग त्यांनी एकत्र येऊन मासेमारीचे दिवस मोजून विकायला सुरुवात केली, पुढे किमान दर दिवसाला 8,000 डॉलर झाला. 2010 मध्ये सुमारे 6 कोटी डॉलर असलेलं उत्पन्न दशकाच्या अखेरीस 50 कोटींच्या आसपास गेलं. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे त्यांनी परवान्यात अट घातली की आमच्या पाण्यात यायचं असेल तर आमच्यामधल्या खुल्या समुद्राच्या ठराविक तुकड्यांत जाळं टाकायचं नाही. ज्या पाण्यावर त्यांची सत्ताच नाही, तिथेही त्यांनी असा नियम चालवून दाखवला. कायदा शिकणाऱ्या माणसानं यावर थांबून विचार करावा.

मात्र कुठे काय चालेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दोनच पक्ष असतील तर सोपं जातं. बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडसाठी नॉर्वे आणि रशिया 1970 च्या दशकापासून, शीतयुद्धातही, एकत्र कोटा ठरवत आलेत. तीस देश असतील आणि त्यात लाखो छोट्या होड्या असतील, तर प्रत्येक होडीवर निरीक्षक ठेवणं अशक्य, तिथे वेगळा विचार लागतो. एका महागड्या माशावर प्रमाणपत्र लावणं जमतं, स्वस्त आणि मिसळून विकल्या जाणाऱ्या मासळीवर ते फार अवघड. नजर ठेवण्यातही भोकं आहेत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-चित्रांच्या एका अभ्यासात औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजं सार्वजनिक माग-नकाशांवर नसल्याचं दिसलं. ती सगळी चोर आहेत असं नाही, पण अंधार बराच आहे. आणि जहाजांना सरकारी पैसा मिळत राहिला तर तोट्यातली मासेमारीही चालू राहते. बेकायदा मासेमारीला आणि अतिशोषित साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान देऊ नका, असं सांगणारा जागतिक व्यापार संघटनेचा 2022 चा करार 2025 च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागेल.

एकूण हिशेब विचाराल तर अन्न आणि कृषी संघटनेच्या 2025 च्या आढाव्यात जगातल्या 64.5 टक्के साठ्यांतली मासेमारी शाश्वत पातळीत आढळली, 35.5 टक्के साठे अतिशोषित, म्हणजे प्रमाणाबाहेर मासे काढलेले. ट्यूना आणि त्याच्या जवळच्या जातींत मात्र शाश्वत साठे 87 टक्के. या माशांना एकटा देश राखूच शकत नाही, तरी सरासरीपेक्षा त्यांची स्थिती चांगली आहे. पन्नास-साठ वर्षं चालवलेल्या या कंटाळवाण्या बैठकांचा त्यात वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

प्रबंधासाठी विषय निवडताय असंही तुम्ही लिहिलंय. माझा सल्ला: बेरिंग समुद्राचा ‘डोनट होल’ आणि मध्य आर्क्टिक शेजारी ठेवून अभ्यासा. डोनट होल हा अमेरिका आणि रशियाच्या क्षेत्रांनी वेढलेला खुल्या समुद्राचा तुकडा. 1989 च्या सुमारास तिथून वर्षाला 14 ते 15 लाख टन पोलॉक काढला जात होता. 1992 पर्यंत साठा कोसळला, 1994 मध्ये करार झाला. म्हणजे वरातीमागून घोडं. तिथली मासेमारी अजून पुन्हा सुरू झालेली नाही. मध्य आर्क्टिकमध्ये उलट केलं: बर्फ वितळतोय, पण व्यावसायिक मासेमारी सुरूही झालेली नाही, अशा 28 लाख चौरस किलोमीटर पाण्याबद्दल नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी 2018 मध्ये सही केली की आधी संशोधन, तोवर जाळं नाही. करार 2021 पासून अमलात आहे, पहिली मुदत सोळा वर्षांची. तिथे अजून कुणाचा इतिहास नाही, म्हणून वाटणीचं भांडण नाही. संशोधनातून मासे सापडले तर ते सुरू होईल. दोन्ही करारांचे मसुदे घ्या आणि प्रस्तावनेआधी वाटपाचं कलम शोधा, मग निर्णय कसा होतो ते, मग हरकतीची तरतूद, आणि शेवटी निरीक्षकाचा पगार कोण देतो ते. एवढं वाचून झालं आणि काही अडलं तर जरूर विचारा.